परक्या सरकारची पकड: पहारा माणसांवर हवा की यंत्रांच्या मालकीवर?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

आडवाट

१८ जुलै २०२५ ला युरोपियन युनियनने रशियावरच्या निर्बंधांची नवी यादी काढली. तीत नायरा एनर्जीचं नाव होतं. कंपनी भारतात नोंदलेली, रिफायनरी गुजरातेत वाडीनारला, वर्षाला दोन कोटी टन तेल शुद्ध करायची क्षमता. मात्र ४९ टक्क्यांहून थोडा जास्त हिस्सा रशियाच्या रोसनेफ्ट या सरकारी तेल कंपनीकडे. काही दिवसांतच कंपनीतल्या लोकांचं ईमेल आणि टीम्स बंद पडलं. सेवा देणारी मायक्रोसॉफ्ट अमेरिकन, निर्बंध युरोपचे, आणि भारत तर असले एकतर्फी निर्बंध मानतच नाही. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली, महिनाअखेरीस सेवा पुन्हा सुरू झाली.

यात कुठेही हेर नव्हता. कुणी काही चोरलं नाही, कुठलं कुलूप फोडलं नाही.

राष्ट्रीय सुरक्षा आणि तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला आधी पेन ड्राइव्ह घेऊन पळणारा शास्त्रज्ञ आठवतो. असे लोक असतात. पण परक्या सरकारला दुसऱ्या देशाच्या कारभारात हात घालायला आज हेराची फारशी गरज उरलेली नाही. आपल्या कायद्याखाली येणारी एक कंपनी त्या देशात असली की पुरतं.

जुनं उदाहरण घ्या. स्वित्झर्लंडची क्रिप्टो एजी शंभराहून जास्त देशांना गुप्त संदेशांची यंत्रं विकायची. भारत, पाकिस्तान, इराण हे सगळे तिचे गिऱ्हाईक. १९७० मध्ये अमेरिकेची सीआयए आणि पश्चिम जर्मनीची बीएनडी या गुप्तचर संस्थांनी ही कंपनी गुपचूप विकत घेतली आणि आपल्याला संदेश वाचता येतील अशा बेताने यंत्रं बनवून घेतली. फेब्रुवारी २०२० मध्ये हे कागदपत्रांसकट बाहेर आलं. तिचा विक्रेता हान्स ब्यूलर १९९२ मध्ये इराणमध्ये पकडला गेला आणि नऊ महिने तुरुंगात राहिला. त्याला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. यंत्र सुरक्षित आहे असं तो मनापासून सांगत होता. या माणसाची कितीही कसून चौकशी केली असती तरी काय हाती लागलं असतं? खोट मालकीत होती, आणि मालकीच लपवलेली होती.

म्हणून माझं म्हणणं असं. वीज, दूरसंचार, बँका, दवाखाने, संरक्षण यांतली प्रत्येक महत्त्वाची यंत्रणा घेताना तीन गोष्टी विचारा. ही यंत्रणा बाहेरून कोण बंद करू शकतं? ज्याच्या हातात ते आहे त्याला कोणत्या सरकारचा हुकूम मोडता येत नाही? आणि उद्या ती बंद झालीच तर आपण किती दिवस तग धरू? हे प्रश्न मित्रदेशाच्या कंपनीलाही विचारायचे. आणि माणसाच्या जन्मगावावरून, आडनावावरून, पासपोर्टवरून संशय घेणं थांबवायचं. त्या संशयाची किंमत या देशाने मोजली आहे. १९९४ मध्ये इस्रोच्या नंबी नारायणन यांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, ते ५० दिवस कोठडीत होते. १९९६ मध्ये सीबीआयने प्रकरण खोटं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने ५० लाखांची भरपाई दिली ती २०१८ मध्ये.

तटरक्षक

आडवाट, मांडणी नेटकी आहे, पण दोन ठिकाणी मी तुमच्या पूर्ण विरोधात आहे.

पहिलं, माणसं. अब्दुल कादीर खान १९७२ पासून ॲम्स्टरडॅमच्या एका कंपनीत नोकरीला होता. ही कंपनी युरेन्कोची कामं करायची, आणि युरेन्को म्हणजे ब्रिटन, नेदरलँड्स व पश्चिम जर्मनी यांचा युरेनियम समृद्धीकरणाचा संयुक्त उद्योग. सेंट्रिफ्यूजचे, म्हणजे युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचे, जर्मन कागद डचमध्ये आणायचं काम त्याच्याकडे आलं. डिसेंबर १९७५ मध्ये तो पाकिस्तानात गेला तो परत आलाच नाही. त्या आराखड्यांवर पाकिस्तानचा अणुबॉम्ब उभा राहिला आणि पुढे तेच ज्ञान इराण, लिबिया, उत्तर कोरियापर्यंत गेलं. आता तुमचे तीन प्रश्न युरेन्कोला लावा. मालकी त्यांची, कायदा त्यांचा, यंत्रं त्यांची, बाहेरून बंद करणारं कुणी नाही. पैकीच्या पैकी गुण! आणि तरीही विसाव्या शतकातल्या सगळ्यात महागड्या तंत्रज्ञानचोऱ्यांपैकी एक तिथेच झाली, एका माणसाकडून.

दुसरं, मित्र आणि शत्रू एकाच मापाने मोजायची कल्पना. चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्याचं सातवं कलम सांगतं की प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने सरकारी गुप्तवार्तेच्या कामाला साथ द्यायची. तिथली कंपनी याविरुद्ध कुठल्या न्यायालयात जाणार? अमेरिकेत मायक्रोसॉफ्टने आयर्लंडमधल्या सर्व्हरवरचे ईमेल द्यायला २०१३ मध्ये नकार दिला आणि आपल्याच सरकारशी सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. दोन्हीकडे कायदा आहे म्हणून दोन्ही सारखेच, असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधणं आहे. जून २०२० मध्ये गलवानमध्ये आपले २० जवान गेले. ज्या देशाचं सैन्य समोर उभं आहे त्याच्या वस्तूला आणि ज्याच्याशी आपण संयुक्त कवायती करतो त्याच्या वस्तूला एकच अर्ज भरायला लावणार का?

आडवाट

तटरक्षक, खानचं उदाहरण वजनदार आहे, त्यामुळे त्यावर आधी बोलतो. त्याला मर्यादित कामापुरतीच परवानगी होती. प्रत्यक्षात तो युरेन्कोच्या आल्मेलो इथल्या कारखान्यात ज्या भागात वावरला आणि जे कागद त्याने हाताळले ते त्या परवानगीच्या बाहेरचे होते. म्हणजे कोणता कागद कुणाच्या हाती द्यायचा हा नियम तिथे होता आणि तो पाळला गेला नाही. तो नियम पाळायला माणसाचा देश पाहावा लागत नाही. तो डच असता तरी तेच कागद तसेच उघडे पडले असते.

मायक्रोसॉफ्टचा आयर्लंडचा खटला कसा संपला तेही सांगायला हवं. न्यायालयाने निकाल दिलाच नाही. मार्च २०१८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने क्लाउड ॲक्ट केला: अमेरिकी कंपनीच्या ताब्यातली माहिती जगात कुठेही ठेवलेली असो, वैध हुकूम आला की द्यावी लागेल. प्रश्नच निकालात निघाला. कंपनी भांडली हे खरं, तिचं मला कौतुक आहे. पण कायदा बदलणाऱ्या त्या सभागृहात तुमचं माझं मत नसतं.

एकच अर्ज म्हणजे एकच उत्तर नव्हे. प्रश्न सारखे विचारा. चीनच्या कंपनीबाबत उत्तरं जास्त गंभीर येतील आणि ती नाकारली जाईल. फक्त ती उत्तरांवरून नाकारली जावी.

बिनतारी

दूरसंचारात काम करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

"आधी तपासू, मग घेऊ" हे ऐकायला फार बरं वाटतं. ब्रिटनने हे जगात सगळ्यात मन लावून करून पाहिलं. हुआवे या चिनी कंपनीची दूरसंचार उपकरणं तपासण्यासाठी २०१० मध्ये बॅनबरीला खास केंद्र उघडलं. खर्च हुआवेचा, देखरेख ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेची, सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, समोर उघडा. एवढं असूनही २०१८ आणि २०१९ च्या अहवालांत देखरेख मंडळाने लिहिलं की आम्ही मर्यादितच हमी देऊ शकतो. मुद्दाम ठेवलेलं चिनी सरकारचं छुपं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, सापडलं, असं ते कुठेही म्हणाले नाहीत. त्यांची तक्रार वेगळी होती: कोडची रचना इतकी ढिसाळ की त्यात काय दडलंय ते खात्रीने सांगता येत नाही. आणि माझ्या मते यातली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आम्ही जो कोड वाचला त्यातूनच टॉवरवर चालणारी प्रत तयार झाली आहे, हेच त्यांना नीट सिद्ध करता येईना.

त्यात अपडेटचा प्रश्न. आज तपासलेलं उपकरण पुढच्या अपडेटनंतर वेगळं उपकरण असतं. बिघाड झाला की बनवणाऱ्या कंपनीचा माणूस दुरून आत येतो, तो दरवाजा बंद ठेवला तर रात्री दोन वाजता नेटवर्क उभं करणार कोण? म्हणून आडवाट यांचा पहिला प्रश्न, बाहेरून कोण बंद करू शकतं, मला सगळ्यात मोलाचा वाटतो. आणि त्याचं खरं उत्तर बहुतेक वेळा "जवळजवळ सगळेच पुरवठादार" असं येतं. युरोपातलेसुद्धा.

आणखी एक. जानेवारी २०२० मध्ये ब्रिटनने हुआवेला नेटवर्कच्या बाहेरच्या भागात ३५ टक्क्यांपर्यंत ठेवायचं ठरवलं होतं. जुलैत तो निर्णय फिरवला आणि २०२७ अखेरपर्यंत सगळं काढून टाका असं सांगितलं. मधल्या काळात बॅनबरीत नवीन काही सापडलं नव्हतं. मे महिन्यात अमेरिकेने हुआवेला चिप मिळण्याची वाट बंद केली, त्यामुळे पुढची उपकरणं कशाची बनतील याचा भरवसा राहिला नाही. एका देशाच्या प्रभावापासून वाचायचा निर्णय दुसऱ्या देशाच्या निर्णयामुळे झाला.

प्रयोगवही

तटरक्षक, माणसांवर पहारा ठेवायचं तुम्ही ज्या सहजतेने सुचवता त्याने मी अस्वस्थ होते. मी संशोधनात आहे. हा पहारा प्रयोगशाळेत आला की काय होतं ते अमेरिकेने दाखवून दिलं आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांच्या न्याय खात्याने चीनकडून होणाऱ्या तंत्रज्ञानचोरीविरुद्ध "चायना इनिशिएटिव्ह" ही मोहीम काढली. शास्त्रज्ञांवर जे खटले झाले त्यांतल्या बहुतेकांत हेरगिरीचा आरोपच नव्हता. अनुदानाच्या अर्जात अमुक संबंध लिहिला नाही, तमुक मानधन दाखवलं नाही, असले आरोप. एमआयटीचे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी २०२१ मध्ये अटक झाली, वर्षभराने सरकारने खटला स्वतःच मागे घेतला. टेनेसी विद्यापीठाच्या अनमिंग हू यांना न्यायालयाने निर्दोष सोडलं, पण तोवर नोकरी गेलेली होती. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती मोहीमच गुंडाळली.

आणि त्याच देशात हे एकदा होऊन गेलं होतं! च्येन श्युएसन हे जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी या अमेरिकेच्या रॉकेट प्रयोगशाळेच्या संस्थापकांपैकी एक. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्यांची गुप्त कामाची परवानगी काढून घेतली, पाच वर्षं नजरेखाली ठेवलं आणि १९५५ मध्ये चीनला पाठवून दिलं. चीनचा क्षेपणास्त्र कार्यक्रम त्यांनी उभा केला. तंत्रज्ञान परक्यांच्या हाती जाऊ नये म्हणून जे केलं त्यानेच ते गेलं.

रेगन यांच्या काळात, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सप्टेंबर १९८५ मध्ये अमेरिकेने एक धोरण लिहिलं होतं: मूलभूत संशोधनाचे निष्कर्ष शक्य तितके खुले राहतील, आणि एखादी गोष्ट लपवायचीच असेल तर ती रीतसर गुप्त म्हणून जाहीर करा. मला हे आजही योग्य वाटतं. गुप्त असेल तर तसं स्पष्ट लिहा, कुंपण घाला, आत कोण येतं ते तपासा. जे गुप्त नाही ते शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्यांच्या मागे पोलीस लावू नका.

तटरक्षक

प्रयोगवही, गांग चेन यांच्यावर अन्याय झाला, यात मला शंका नाही. नंबी नारायणन यांच्यावर तर महाभयंकर अन्याय झाला. पण तपास वाईट झाला म्हणून तपासच नको, हे मला मान्य होत नाही. तुम्ही म्हणता तसं कुंपण घातलं तरी आत येणाऱ्याला विचारावंच लागेल ना, की बाबा रे, दुसऱ्या सरकारकडून तू पैसे घेतोस का? हार्वर्डचे चार्ल्स लीबर परदेशातल्या संशोधकांना ओढायच्या चीनच्या "थाउजंड टॅलेंट्स" योजनेत होते आणि तपास अधिकाऱ्यांशी खोटं बोलले, हे डिसेंबर २०२१ मध्ये ज्यूरीने मान्य केलं. ते चिनी वंशाचे नव्हते. म्हणजे चेहरा न बघता पैसा बघितला तर पहारा चालतो. मी एवढंच मागतो आहे: पैशाची, मानधनाची, दुहेरी नेमणुकीची उघड नोंद.

प्रयोगवही

उघड नोंदीला माझा विरोध नाही. ती सगळ्यांना सारखी लागू हवी, आणि नोंद चुकली तर आधी दुरुस्त करायला सांगा, पहाटे दारात पोलीस पाठवू नका. माझं भांडण तिथेच आहे.

लेथमशीन

इथे सगळे धोक्याबद्दल बोलताहेत, खर्चाबद्दल कुणीच नाही. मी उत्पादनातला माणूस, म्हणून विचारतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये नेक्सपेरियाचं जे झालं ते बघा. ही नेदरलँड्समधल्या नायमेखनची कंपनी, मालक चीनची विंगटेक. बनवते काय, तर डायोड, ट्रान्झिस्टर. अगदी साध्या चिपा, पण गाडीत त्या शेकड्यांनी लागतात. डच सरकारने ३० सप्टेंबरला १९५२ च्या एका जुन्या कायद्याने कंपनीच्या निर्णयांवर ताबा घेतला. कारण तेच, तंत्रज्ञान आणि उत्पादन चीनला हलवलं जाईल ही भीती. चीनने काही दिवसांतच तिथून निघणारा माल रोखला. वेफर, म्हणजे चिपा ज्यांतून कापतात त्या चकत्या, युरोपात बनतात, पण बहुतेक चिपांचं शेवटचं काम, म्हणजे पॅकेजिंग, चीनमधल्या दोंगग्वानला होतं. झालं! होंडाला मेक्सिकोत उत्पादन थांबवावं लागलं, युरोपातले गाडीवाले दिवस मोजत बसले. १९ नोव्हेंबरला डच सरकारने आदेश स्थगित केला.

आडवाट यांचे तीन प्रश्न डच सरकारने पहिल्या दोन बाबतींत बरोबर विचारले, तिसरा विचारलाच नाही. किती दिवस तग धरू? उत्तर आठवडे होतं. एवढ्या तयारीवर कुणी युद्ध सुरू करतं का?

आपल्याकडेही एप्रिल २०२० मध्ये नियम आला: ज्यांची जमिनीवरची सीमा भारताला लागून आहे त्या देशांतून गुंतवणूक यायची तर सरकारची परवानगी. हेतू समजतो. पण त्याबरोबर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसाही अडकले आणि आणलेली मशीन बसवायला माणूस नाही म्हणून उभी राहिली. मशीन चीनचीच होती, पैसे चीनला पोचलेच होते. उत्पादन मात्र सुरू होईना. सुरक्षेत नेमकी काय भर पडली?

बिनतारी

लेथमशीन, मशीनचं मान्य. पण कॅमेऱ्यांचं बघा. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याचं हार्डवेअर, सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यावा लागतो, मग कंपनी कुठल्याही देशाची असो. परदेशी कंपन्यांनी आरडाओरडा केला, वेळ लागतो, प्रयोगशाळा कमी आहेत, सगळं खरं. तरीही देशाचं नाव न घेता वस्तू तपासणारा हा नियम मला चांगला वाटतो. फक्त बॅनबरीचा धडा लक्षात ठेवून: एकदा तपासणं पुरणार नाही.

कलम_एकवीस

मला वेगळ्या भीतीबद्दल बोलायचं आहे. "राष्ट्रीय सुरक्षा" म्हटलं की सरकारला कारण सांगावं लागत नाही. ही सवय कुणाच्या उपयोगी पडते?

१५ मे २०२५ ला सेलेबी या तुर्की कंपनीच्या भारतातल्या शाखेची सुरक्षा परवानगी रद्द झाली. विमानतळांवर सामान आणि विमानं हाताळायचं काम ती करत होती. ऑपरेशन सिंदूरच्या वेळी तुर्कस्तान पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिल्याचा तो आठवडा. कारणं कंपनीला दिली नाहीत, बंद लिफाफ्यात न्यायाधीशांना दाखवली. ७ जुलैला दिल्ली उच्च न्यायालयाने कंपनीची याचिका फेटाळली.

याच्या दोन वर्षं आधी, एप्रिल २०२३ मध्ये, मीडियावन या मल्याळम वाहिनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अगदी उलट सूर लावला होता. सुरक्षेचा दावा हवेतून करता येणार नाही, बंद लिफाफ्याने समोरच्याचा बाजू मांडायचा हक्क मारला जातो, असं म्हणत बंदी उठवली. मी सेलेबीची वकिली करत नाही. कदाचित लिफाफ्यात ठोस पुरावा असेल. पण एकदा परदेशी कंपनीसाठी चालला की हाच लिफाफा उद्या देशातल्या वाहिनीसाठी, संस्थेसाठी, प्रयोगवहींसारख्या संशोधकासाठी निघतो. परक्या सरकारचा प्रभाव रोखायला आपल्या सरकारला विनाकारण, विनाहिशेब अधिकार द्यायचे का, हा प्रश्न इथे कुणी घेतलेला नाही.

तटरक्षक

कलम_एकवीस, धावपट्टीवर उभ्या विमानापाशी जाणाऱ्या कंपनीबद्दल गुप्तवार्ता मिळाली, तर ती कुठून मिळाली हे तिलाच सांगायचं? स्रोत उघडा पडला की तो माणूस मारला जातो. न्यायाधीशांनी कागद पाहिले, हीच देखरेख.

कलम_एकवीस

स्रोत लपवा, आरोप लपवू नका. "तुमच्या भागधारकांपैकी कुणाचा परक्या सैन्याशी संबंध आहे" एवढं सांगायला स्रोत लागत नाही. ब्रिटनमध्ये अशा प्रकरणांत खास सुरक्षा परवानगी असलेला वकील नेमतात, तो गुप्त कागद पाहतो आणि समोरच्याच्या बाजूने न्यायाधीशांपुढे भांडतो. ती पद्धतही सदोष आहे, पण निदान खोलीत प्रश्न विचारणारं कुणीतरी असतं. आडवाट, तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं लेखी आणि कारणांसकट दिली जाणार असतील तरच मी तुमच्या बाजूने.

मुक्तस्रोत

मालकीवरच सगळी चर्चा चाललीय, तर ज्याला मालकच नाही त्याचं काय? जगातले बहुतेक सर्व्हर लिनक्सवर, म्हणजे जिचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो अशा खुल्या प्रणालीवर, चालतात. मला वाटतं परक्या सरकारपासून सुटायचा खरा रस्ता इथेच आहे.

मार्च २०२४ चं एक्सझेड प्रकरण घ्या. फाइली आकुंचित करणारं हे छोटं सॉफ्टवेअर अगणित यंत्रणांत असतं. "जिया तान" नावाने कुणीतरी दोन वर्षांहून जास्त काळ चोख काम करून विश्वास मिळवला आणि मग त्यात छुपं दार बसवलं. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, त्याने खोदून काढलं आणि ते मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधी पकडलं गेलं. कोड उघडा होता म्हणून हे शक्य झालं. क्रिप्टो एजीला पन्नास वर्षं लागली.

आडवाट

मुक्तस्रोत, रस्ता चांगला आहे, पण त्यावरही सरकारं उभी आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची (कर्नलची) देखभाल करणाऱ्यांच्या यादीतून काही रशियन नावं काढली गेली, निर्बंधांचं पालन म्हणून. त्यांनी काही वाईट कोड लिहिला असा आरोप नव्हता. आणि रिस्क-फाइव्ह या खुल्या चिप-रचनेची संस्था २०२० मध्ये अमेरिकेतून स्वित्झर्लंडला हलली, कारण सदस्यांना राजकारणाची भीती वाटत होती. कोडला मालक नसला तरी संस्थेला पत्ता असतो, आणि त्या पत्त्यावर कुणाचा तरी कायदा चालतो. फरक एवढाच, आणि तो फार मोठा आहे, की खुला कोड आपल्याकडे आधीच असतो. यादीतून काढलं तरी प्रत काढून घेता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं, तग धरण्याचं, उत्तर तिथे सुधारतं.

कलम_एकवीस, लेखी कारणांची अट मला पूर्ण मान्य आहे.

तटरक्षक

तग धरण्यावर मात्र आपलं सगळ्यांचं एकमत होऊ शकतं. मे १९९२ मध्ये अमेरिकेने इस्रो आणि रशियाच्या ग्लावकोसमॉस या अंतराळ संस्थेवर निर्बंध घातले. रशियाने क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड द्रव इंधनावर चालणाऱ्या, रॉकेट इंजिनचं तंत्रज्ञान द्यायचं नाकारलं, फक्त तयार सात इंजिनं दिली. स्वतःच्या क्रायोजेनिक इंजिनावर जीएसएलव्ही यशस्वी झालं ५ जानेवारी २०१४ ला. वीस वर्षं गेली, पण आता ते कुणी काढून घेऊ शकत नाही. सुपरकॉम्प्युटरचंही तेच. अमेरिकेने क्रे कंपनीचा सुपरकॉम्प्युटर देताना अडवणूक केली, म्हणून १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला.

लेथमशीन

परम ८००० मधले प्रोसेसर कुणाचे होते? ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे, ट्रान्सप्युटर नावाचे. मी त्या कामाला कमी लेखत नाही, उलट ते फार हुशारीचं काम होतं. बाजारात कुणालाही मिळणारे सुटे भाग घेऊन जे विकत मिळत नव्हतं ते जोडलं. पण "सगळं स्वतः बनवू" असा अर्थ त्यातून काढू नका. काय विकत घ्यायचं आणि काय स्वतः करायचं याची निवड त्यांना जमली.

आता मॅग्नेटचं घ्या. ४ एप्रिल २०२५ ला चीनने सात दुर्मीळ मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या मॅग्नेटवर निर्यात परवाना लावला. असे मॅग्नेट जगात जेवढे बनतात त्यांतले नव्वद टक्क्यांच्या आसपास तिथे बनतात. इलेक्ट्रिक गाडीची मोटर अडली. इथे हेर नाही, छुपं दार नाही, कंपनीची मालकी नाही, साधा व्यापार. चांगल्या दिवसांत कुणीतरी दुसरा, महागडा पुरवठादार पोसायला हवा होता. तो खर्च माझ्यासारख्याने करायचा म्हटलं तर माझा शेजारी स्वस्तात घेऊन मला बाजारातून उठवतो.

आडवाट

तो सरकारने करायचा. जपानने केला. सप्टेंबर २०१० मध्ये सेनकाकू बेटांपाशी बोटींची टक्कर झाली आणि चीनकडून येणारी दुर्मीळ मूलद्रव्यं आटली. २०११ मध्ये जपानची सरकारी संस्था जोगमेक आणि सोजित्झ कंपनी यांनी ऑस्ट्रेलियाच्या लायनसमध्ये २५ कोटी डॉलर घातले. लायनसला नफा दिसायला कित्येक वर्षं गेली, दर कोसळले, तरी जपानने हात काढला नाही.

लेथमशीन

आणि एवढं करून चीनवरचं अवलंबित्व नव्वदवरून साठ टक्क्यांच्या आसपास आलं, दहाएक वर्षांत. एका वस्तूसाठी. म्हणून मला सरकारकडून "सगळं सुरक्षित करू" हे आश्वासन नकोय. अशा पाच-सात वस्तूंची यादी हवी, नावांसकट, आणि प्रत्येकीपुढे दहा वर्षं कोण पैसे देणार ते लिहिलेलं.

तटरक्षक

यादी जाहीर केली तर आपलं दुखणं कुठे आहे ते समोरच्याला कळेल.

कलम_एकवीस

त्याला ते आधीच कळलेलं आहे, एप्रिल २०२५ मध्ये त्याने तिथेच बोट ठेवलं. यादी फक्त आपल्याला दिसत नाही.